अबोल्याचे तपोवन

वैशाखातला सडा. तांबडा, तापलेला, तृणहीन सडा. जांभ्या दगडाचे ते अफाट पठार उन्हात असे पसरले होते, की धरणीने आपली त्वचा सोलून सूर्यापुढे टाकावी आणि सूर्याने तीही नाकारावी. वारा होता, पण तो वारा नव्हता, ती खारट करवत होती. काजूची झाडे तिला पाठ देऊन वाकली होती, आणि वाकलेलीच राहिली होती.

पाखरू बोलत नव्हते. पान हलले तरी हळू हलत होते. त्या शांततेला लोक पवित्र म्हणत. ती पवित्र नव्हती. दबा धरून बसलेल्या श्वापदाची असते, तशी ती शांतता होती.

सड्याच्या मधोमध ध्यानमंदिर उभे होते. नवे, शुभ्र, निष्ठुर शुभ्र. दुपारी त्याच्या भिंतींकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई. आणि लोक गावात जाऊन सांगत, गुरुजींच्या दर्शनाने डोळे भरून आले.

गुरुजी म्हणजे नरहरी पाध्ये. एके काळी शाळेत संस्कृत शिकवणारे, आता मौनव्रती. मंदिराला लागूनच त्यांचे घर, आणि त्या घरात त्यांची पत्नी वैजयंती. मंदिरात येणाऱ्या बायका तिच्या हाताला हात लावून म्हणत, "तुम्ही भाग्यवान हो, काकू. तुमच्या घरातच तपोवन."

वैजयंती त्यांना पाणी देई. गूळ देई. उत्तर देत नसे.

कारण त्या मौनाचा जन्म तिने पाहिला होता. मोठ्या तपातून नव्हे, एका लहानशा आवाजातून ते जन्मले होते: मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज. त्या श्रावणातल्या पहाटे त्यांची एकुलती एक मुलगी केतकी त्या दाराने निघून गेली, बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या सुहास तांडेलकडे, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या देवांच्या घरी. आणि कडी काढणारा हात वैजयंतीचा होता.

नरहरींनी तो हात पाहिला. ते रागावले नाहीत. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ओठ मिटले.

घरात त्याचे नाव होते अबोला. मग कुणी शिष्य झाला, कुणी त्यांना शाल पांघरवली, कुणी मंदिर बांधले. आणि उंबरठा ओलांडता ओलांडता त्याच अबोल्याला लोक मौन म्हणू लागले. बाहेर त्यावर फुले पडत. आत त्याचे काटे वैजयंती वेचत असे.

कित्येक पावसाळे ती वेचत राहिली. बशी पालथी घातली, म्हणजे चहा नको. ताट बोटभर पुढे सरकले, म्हणजे मीठ जास्त. पावले सरळ पडली, म्हणजे दिवस बरा. टाच घासली, म्हणजे आज सांभाळायचे. खोकल्याचा अर्थ, खुर्चीच्या कुरकुरण्याचा अर्थ, दार लोटण्यातल्या जोराचा अर्थ. शब्द मेले होते, आणि ती त्यांच्या अस्थी चाचपून भाषा शिकली होती.

अशा बाईला सगळे सांगत, ध्यान कर.

रोज सकाळी ती मंदिरात बसे. पाठ ताठ, हात मांडीवर, समोर शुभ्र भिंत. गुरुजींच्या वतीने बोलणारा शिष्य विद्याधर हळुवार, तुपाळ आवाजात सांगे, श्वास आत येतो आहे, श्वास बाहेर जातो आहे. भोवतीचे चेहरे सैल होत. पापण्या मिटत. माणसे एकेक करून स्वतःच्या आत उतरत, विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तशी.

वैजयंती पहिल्याच पायरीवर थांबे. डोळे मिटले की तिला अंधार दिसत नसे; तिचे कान उघडत. मग वस्त्राची सळसळ मोठी होई. व्यासपीठावर बसलेल्या नवऱ्याचा श्वास मोठा होई. तो लांबला का, तो तुटला का, त्यात नाराजी आहे का. छातीत काहीतरी कान टवकारून उभे राही, पाणवठ्यावरच्या हरिणीसारखे. पाणी समोर असते, तहान असते. पण गवत निःशब्द असते, आणि निःशब्द गवतात मान खाली घालायची नाही, हे तिच्या रक्ताला ठाऊक असते.

एकदा विद्याधर म्हणाला, "काकू, विचार आला की त्याला जाऊ द्या. त्याच्यामागे जाऊ नका."

"विचार नसतात रे," ती म्हणाली. "मी ऐकत असते."

"काय ऐकता?"

"हे काही बोलतायत का, ते."

विद्याधर हसला. त्याला ते भक्तीचे बोलणे वाटले. मग गंभीर होऊन म्हणाला, "मन चंचल आहे तुमचं. गुरुजींच्या इतक्या जवळ राहून असं व्हायला नको होतं."

ते वाक्य तिच्या अंगात कुसळासारखे रुतले. तिने ते खरे मानले. आपल्यातच खोट आहे. आपले मन गढूळ, आपले मन माकड. ती अधिक ताठ बसू लागली, अधिक घट्ट डोळे मिटू लागली, आणि जितके घट्ट मिटावेत तितका आतला पहारा जागता राही.

चैत्र संपता संपता केतकीचा फोन आला. वैजयंती फोन घेऊन परसात गेली, माडाच्या बुंध्याशी उभी राहिली.

"आई, सुहासला मस्कतच्या गोदीत काम मिळालंय. आम्ही जातोय. जायच्या आधी अण्णांना एकदा भेटायचंय."

"ते बोलणार नाहीत, बाळा."

"बोलावं असं नाही म्हणत मी. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघावं."

दुपारी जेवण झाल्यावर चहा देताना वैजयंतीने ते सांगितले. अगदी हळू, शब्द पाण्यात सोडावेत तसे सांगितले. "अहो, केतकी यायचं म्हणतेय. लांब चाललीय. तुम्ही फक्त बघा तिच्याकडे."

नरहरींनी चहा संपवला. बशी पालथी घातली.

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी मंदिर भरले होते. ऊन खिडक्यांतून आत घुसून फरशीवर तापलेल्या पात्यांसारखे पडले होते. उंचावर नरहरी बसले होते, निश्चल, चंदनचर्चित, पाषाणप्रतिम. खाली मिटलेल्या डोळ्यांच्या रांगा. आणि त्या रांगांत दोन डोळे उघडे होते, नेहमीसारखे उघडे: वैजयंतीचे.

म्हणून दारात उभी राहिलेली केतकी फक्त तिला दिसली.

निळी साडी, घामाने कपाळाला चिकटलेले केस. मंदिराच्या दारात चपला काढून ती उभी होती. तापल्या पायरीवर पाऊल उचलीत, टेकवीत. आत यावे की येऊ नये, हे तिला कळत नव्हते. मग ती तिथूनच बोलली, फार मोठ्याने नाही.

"अण्णा, मी केतकी."

हवा थांबली. वाऱ्याची ती करवत थांबली.

नरहरींचा चेहरा ढळला नाही. पापणी उघडली नाही. ओळीतल्या कुणा बाईने किलकिल्या डोळ्यांनी हे पाहिले आणि शेजारणीच्या कानाशी पुटपुटली, "काय ही समाधी. पोटची पोर हाक मारतेय, आणि भानच नाही."

पण वैजयंतीने कित्येक पावसाळे त्या देहाची बाराखडी गिरवली होती. सैल मिटलेली पापणी वेगळी, आणि दाबून धरलेली पापणी वेगळी. तिला त्या पापण्यांच्या कडांना पडलेल्या बारीक सुरकुत्या दिसल्या. मांडीवरच्या हाताचा अंगठा तर्जनीत रुतून पांढरा पडलेला दिसला. नाकपुडी ताठरलेली दिसली.

त्यांनी ऐकले होते. पहिल्या अक्षरापासून ऐकले होते. ते ऐकतच होते, तिच्यासारखेच, इतकी वर्षे.

केतकीने उंबरठ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि ती मागे वळली.

तेव्हा वैजयंती उठली. गुडघे वाजले, त्या निःशब्द मंदिरात ते काटक्या मोडल्यासारखे वाजले. माणसांनी डोळे उघडले.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत. मला दिसलं."

विद्याधर धावत आला. "काकू, खाली बसा. गुरुजी ध्यानात आहेत."

"ते ध्यानात नाहीत, विद्याधर. ते रागात आहेत." तिचा आवाज कापत नव्हता, याचे तिलाच नवल वाटले. "मीसुद्धा रागात आहे. फरक इतकाच, की माझ्या रागाला कुणी फुलं वाहत नाही."

मग ती व्यासपीठाकडे वळली. "मला वाटायचं, माझंच मन नासकं आहे. सगळ्यांचे डोळे मिटतात, माझे का मिटत नाहीत. अहो, जिथे चाहूल घेत जगायचं, तिथे डोळे मिटायचे कसे? तुम्ही एक शब्द बोला. शिवी दिलीत तरी चालेल. नाहीतर मी जाते."

आणि नरहरींनी डोळे उघडले.

त्या दृष्टीत समाधीचा अंशही नव्हता. विझलेल्या होळीत राखेखाली निखारा सापडावा, तसा तिथे द्वेष सापडला. जपलेला, फुंकर घालघालून जिवंत ठेवलेला, लालबुंद द्वेष. क्षणभर तो तिच्यावर जळला. सगळ्या मंदिराने तो पाहिला. मग पापण्या पुन्हा मिटल्या, पेटीचे झाकण मिटावे तशा.

वैजयंतीला भीती वाटेल असे वाटले होते. वाटली नाही. जे ऐकण्यासाठी ती वर्षानुवर्षे कान लावून बसली होती, ते अखेर ऐकू आले होते. शब्दांवाचून आले होते, पण पूर्ण आले होते. आता ऐकण्यासारखे काही उरले नव्हते.

तिने घरातले काहीच घेतले नाही. चपला घातल्या आणि सड्यावर उतरली. ऊन अंगावर धावून आले. तांबडा दगड तळव्यांतून वर चढू लागला. समोर केतकीची निळी साडी मृगजळात थरथरत चालली होती.

"केतकी, थांब," तिने हाक मारली. त्या नावाचा मोठ्याने झालेला उच्चार सड्याने कित्येक वर्षांनी ऐकला. दगडाने तो परत फेकला नाही.

मस्कतला जायचे ते गेले. वैजयंती सुहासच्या आईजवळ, हिराबाई तांडेल यांच्याजवळ, बंदरावरच्या दोन खोल्यांच्या घरात राहिली. पहिले काही दिवस तिने मासळीच्या वासाने पदर नाकाला लावला. मग पदर लावायचे विसरली. त्या घरात शांतता नावालाही नव्हती. इंजिने धडधडत. लिलावाच्या वेळी बायका एकमेकींवर ओरडत. हातोड्या पडत, बर्फ फुटत, कावळे भांडत. कुणाच्या मनात काय आहे हे ओळखावे लागत नसे. ते आधीच तोंडातून बाहेर पडलेले असे.

"राग गेला का, विहीणबाई?" हिराबाईंनी एकदा जाळे विणता विणता विचारले.

"नाही."

"मग असू दे," हिराबाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे जाळ्याचे दुसरे टोक सरकवले.

त्या दुपारी ओहोटी संपत आली होती. चिखलात होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या, जड, रुतलेल्या, निरुपाय. लिलाव पेटला होता; दहा तोंडे एकदम बोलत होती. वैजयंतीचे डोके भिंतीला टेकले. पापण्या जड झाल्या. कुणी सांगितले नाही श्वास पाहा. श्वास आपला आपण येत राहिला, जात राहिला. मांडीवर राग होता, जाळे होते, आणि दोन्हींवरचे हात सैल होते.

खाडीच्या मुखातून पाणी आत सरकले. गोंगाटाखालून, गडबडीखालून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना सरकले. कुणी ढकलले नाही, कुणी ओढले नाही. कलंडलेली एक होडी चिखलातून सुटली, सरळ झाली, मग दुसरी, मग सगळ्याच, हळूहळू, पाण्यावर.