रेवाबाई उज्जैनला गेली

आमच्या घरी पुस्तक आधी मी वाचायची, मग हे. लग्न झालं तेव्हापासूनचा रिवाज. वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर, ने-आण माझी, आणि कुठलं पुस्तक घरात येणार ते ठरवणारीही मीच. चांगलं निघालं तर यांच्या उशाशी ठेवायची. भिकार निघालं तर दुसऱ्या दिवशी परत, यांना त्याचं कव्हरसुद्धा दिसायचं नाही. "माझा वेळ वाचतो," असं हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. बायकोच्या हातची भाजी आणि बायकोच्या पसंतीची कादंबरी, दोन्ही निमूट घेणारा दुसरा नवरा इंदुरात दाखवा बरं मला!

म्हणून ब्याण्णव साली जे झालं ते मला फार लागलं.

त्या जानेवारीत यांची मिल बंद झाली. हे टाइम ऑफिसात एकवीस वर्षं होते. सकाळी सायकलवर डबा लावून गेले आणि तासाभरात डब्यासकट परत आले. गेटला कुलूप, वर नोटीस. एकामागून एक सगळ्याच मिलांचं तेच चाललं होतं. तिकडे एम.जी. रोडवर रोज नवं शोरूम, गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या, आणि जो तो म्हणायचा, "जमाना बदल रहा है भिया!" कुणाचा बदलत होता देव जाणे. मी बालमंदिरात शिकवत होते म्हणून चूल पेटत होती. हे बडा गणपतीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी बसायचे आणि एकच कादंबरी वाचायचे. शेवटचं पान आलं की पुन्हा पहिलं.

कादंबरी मलाही जीव की प्राण होती. नर्मदेच्या काठी, तिची परिक्रमा करणाऱ्या परकम्मावासींसाठी धर्मशाळा चालवणाऱ्या विधवा रेवाबाईची गोष्ट. फटकळ बाई, पण दारातून कुणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. एकोणिसाव्या प्रकरणात ती तापानं जाते, आणि पुढे तिचा दीर बद्री एकटा ती धर्मशाळा कशीबशी ओढत राहतो. मी ते प्रकरण वाचत होते तेव्हा गॅसवरचं दूध उतू जाऊन खाली ओघळलं, तरी उठले नव्हते.

आता, आवडती कादंबरी संपली की चार दिवस दुसरं काही हातात धरवत नाही, हे मला ठाऊक आहे. सुतकच असतं ते. पण सहा महिने? वाचनालयातली कुमुदिनी दर महिन्याला पुस्तकावर नवी तारीख मारायची आणि म्हणायची, "सुहासिनीताई, हे पुस्तक आता तुम्हालाच देऊन टाकू का?" तिनं आणि मी डोकी लढवली. नदी आवडते ना, मग ही घ्या समुद्राची. बाई आवडते ना, मग ही घ्या मास्तरणीची. जाडी, बारीक, गावातली, शहरातली, अशा सात कादंबऱ्या मी वाचून, पारखून यांच्या उशाशी ठेवल्या. हे चौथ्या पानापर्यंत जायचे, "चांगली आहे हं," म्हणायचे, की पुन्हा रेवाबाई हातात. मी ओरडले, अबोला धरला, एकदा तर पुस्तक गव्हाच्या कोठीत लपवलं. यांनी शोधून काढलं, धूळ झटकली आणि पुन्हा उघडलं. शेवटी मी हात टेकले.

आता मिलमधलं एक सांगायला हवं. तिथल्या फोल्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापडाच्या घड्या घालतात तिथे, विणायच्या साच्यांचा खडखडाट पोचायचा नाही. रिसेसमध्ये हे डबा घेऊन तिथे जायचे आणि कामगारांना कादंबरी वाचून दाखवायचे. हातात पुस्तक मराठी आणि तोंडातून निघायची हिंदी, मध्येच माळवी. ऐकणारे सगळे माळव्यातले, दोघं-तिघं यूपीकडचे. रोज अर्धा तास, पाच वर्षं, अकरा कादंबऱ्या! सगळ्या मी पसंत केलेल्या, हे वेगळं सांगायला नको. मी मात्र ते वाचन कधी ऐकलं नव्हतं. मिलच्या आत मी कशाला जाणार?

जुलैत भाजी घेत होते, तर समोर रघुवीर. फोल्डिंग खात्यातला. आता पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारी वाइंड करत होता. नमस्कार झाला आणि त्यानं गाऱ्हाणं मांडलं. "भाभीजी, बाबूजी तो मिलते ही नहीं. दो बार घर आया, खिड़की से ही बोल दिए तबीयत ठीक नहीं. बस इतना बता दो, रेवाबाई उज्जैन से लौटी कि नहीं?"

"उज्जैन?" मी म्हटलं. "अरे भैया, रेवाबाई तो कब की मर गई! बुखार में."

रघुवीर हातात गिलकी धरून तसाच उभा राहिला. "मर गई? ऐसे कैसे मर गई? वो तो उज्जैन गई थी, बद्री के लिए लड़की देखने. बाबूजी ने खुद पढ़ के सुनाया."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाजी तशीच टाकून घरी आले, चपलाही न काढता यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "अहो, रेवाबाई उज्जैनला कधी गेली?"

यांनी पुस्तक मिटलं. मग खाली बघत सगळं सांगितलं. ज्या दिवशी एकोणिसावं प्रकरण वाचायचं होतं, त्याच दिवशी रघुवीरची बायको तापानं दवाखान्यात होती. "समोर तो बसलेला, आणि पानावर ते लिहिलेलं. जीभच उचलेना, सुहास. म्हटलं, आजचा दिवस ढकलू. मी वाचलं, की पहाटे रेवाबाईचा ताप उतरला." दोन दिवसांनी रघुवीरची बायको खरंच बरी झाली. त्यानं खात्यात पेढे वाटले, म्हणाला, माझी घरवाली आणि रेवाबाई, दोघींच्या नावाचे. आता तिला मारायची कशी? मग हे रोज सायकलवरून जाताना पुढचं रचायचे. रेवाबाई भांडली, रेवाबाईनं विहीर खणवली, रेवाबाई उज्जैनला गेली. दोन महिने!

"पण शेवट तर तिच्या नसण्याचाच आहे," मी म्हटलं.

"तेच ना. मी पार अडकलो होतो. आणि मग गेटला कुलूप लागलं. ती नोटीस वाचताना माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? सुटलो! एवढी माणसं रस्त्यावर आली, सुहास, आणि मला वाटलं, सुटलो." मिटलेल्या पुस्तकावर बोट ठेवून हे म्हणाले, "रोज वाचून बघतो, ती जगेल आणि शेवटही तोच येईल अशी काही वाट निघते का. निघत नाही."

आले होते भांडायला. सहा महिने मी यांना आळशी, हट्टी, काय काय म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली. चहा टाकला, कप हातात दिला आणि मग सांगून टाकलं, की ती मेल्याचं आत्ताच मी रघुवीरला बोलून बसले आहे.

"काय? तुझ्या तोंडाला काही लगाम?" वीस वर्षांत पहिल्यांदा हे माझ्यावर खेकसले.

"तुमच्या तोंडाला होता का?" मी म्हटलं.

शनिवारी रघुवीर दारात आला. आत बस म्हटलं तर बसला नाही. "बाबूजी, कल चार बजे हमारे वर्कशॉप के शेड पे सब आ रहे हैं. आप आओ. किताब लेके." एवढंच बोलला आणि गेला. हे रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. ही माणसं गेली तर यांचं म्हणावं असं काहीच उरत नव्हतं. नोकरी गेलीच होती.

मीही बरोबर गेले. म्हटलं, अर्ध्या वाटेतून परत फिरतील. आता त्या शेडच्या जागी काचेचं शोरूम उभं आहे, पण मला अजून तिथला वार्निशचा वास येतो. रविवार, सगळी मशीनं बंद. नऊ जण आले होते. कुणी ऑटो चालवत होता, कुणी शेवेचा ठेला लावत होता, एक जण चौकीदार झाला होता. यांनी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. फक्त ते 'सुटलो' तेवढं गिळलं, आणि मला वाटतं बरंच केलं.

मग रघुवीर उठला. "बाबूजी, हमको बच्चा समझा क्या? गेट पे नोटिस लगा, वो तो हमने पूरा पढ़ा. तब किसने आके बीच में से बदल दिया? मेरी घरवाली बच गई, भगवान की मेहरबानी. नहीं बचती तो भी मैं सुनता. रेवाबाई हमारी भी तो थी. उसके मरने पे हमको बुलाया तक नहीं आपने!"

हे मान खाली घालून ऐकत होते. "उन्नीसवाँ निकालो," रघुवीर म्हणाला. "जैसा लिखा है वैसा."

यांनी वाचलं. शेववाला रुमालात नाक शिंकरत होता, चौकीदार छताकडे बघत होता. मी मात्र यांच्याकडेच बघत होते. हाच माणूस माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, आणि इथे त्याच्या तोंडून रेवाबाई माळवीत बद्रीला शेवटचं रागवत होती. मी दूध उतू घालवून वाचलं होतं त्यापेक्षा ते सरस होतं. तीन रविवारांत पुस्तक संपलं.

मग रघुवीरनं घसा खाकरला. "तो बाबूजी, अब अगली कौन-सी?"

हे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे तर सात तयार होत्या! मी सगळ्यांत चांगलीचं नाव घेतलं.

"नको," हे म्हणाले. सगळ्यांदेखत. "तू वाचलेली नको. आपल्या दोघांनीही न वाचलेली आण. पुढे काय होतं ते तू सांगतेस, मला आधी कळतं, आणि आधी कळलं की मी पुन्हा बदलणार. माझा मला भरवसा नाही."

मला वाईट वाटलं. वाटलं ते वाटलं, कशाला लपवू? वीस वर्षांत माझ्या हाताखालून न जाता एक पुस्तक यांच्याकडे गेलं नव्हतं. सोमवारी कुमुदिनीपुढे उभी राहून म्हटलं, "मी न वाचलेली एक दे. कशी आहे ते सांगू नकोस." ती आ वासून बघत राहिली. कादंबरी पिशवीत घालून आणली आणि खुंटीला टांगली. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत.

दोन भाऊ होते त्या कादंबरीत, गावोगाव विहिरी खणत हिंडणारे. हे अडखळत वाचायचे. आधी न वाचता मराठीची हिंदी करायची म्हणजे सोपं नाही. कधी चुकायचे, मागे जायचे. ऐकणारे सांभाळून घ्यायचे. धाकटा भाऊ सगळ्यांचा लाडका झाला, माझाही. चौथ्या रविवारी तो तळाशी उतरलेला, थोरला वर दोर धरून बसलेला. यांनी पान उलटलं आणि थांबले.

नजर ओळींवरून पुढे पळाली तसा चेहरा उतरला. सगळ्यांनी पाहिलं. यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, पण मला काय ठाऊक? मी बाकीच्यांसारखीच जीव मुठीत धरून बसले होते.

"फेर कंई हुयो, बाबूजी?" रघुवीरनं हळूच विचारलं.

यांनी पुन्हा पानाकडे बघितलं. "मिट्टी धँस गई," हे म्हणाले. "छोटा नीचे ही रह गया."

आणि पुढची ओळ वाचायला लागले.