बुजगावण्याचं तोंड

लाल चौकोन पहिल्यांदा फोनवर आला तेव्हा दीपा ओमला वरणभात भरवत होती. ‘एकाच फोनवरून दोन शेतं चालवली जात असल्याचं दिसून आलं आहे. पुन्हा असं झाल्यास खातं बंद करण्यात येईल.’ तिने डाव्या अंगठ्याने तो चौकोन बाजूला सारला आणि त्याच अंगठ्याने मावससासूच्या, रंगुमावशींच्या, वांग्यांना पाणी दिलं.

तिचा नवरा अमृत डब्याची पिशवी घेता घेता वाकून बघत होता. "वाचलंस का काय लिहिलंय ते?"

"वाचलं की. मी काय कुणाची चोरी करतेय?"

"ते गेमवाल्यांना कुठं माहीत?"

"अहो, मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय हे सगळ्या सोनईला माहीत आहे."

"गेमवाले सोनईत राहत न्हाईत," म्हणून अमृत कारखान्यावर निघून गेला.

एरवी दीपा असलं काही हसण्यावारी नेणारी नव्हती. ओम शिंकला तरी ती थर्मामीटर काढायची. बाहेर पडताना गॅसचं बटण बघायची आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा बघायची. झोपलेल्या पोराच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना याची खात्री करायची. अशा बाईने ती एक सूचना तेवढी डास हाकलावा तशी हाकलली.

गेमचं नाव ‘हिरवा मळा’. फोनमध्येच नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं. बाळंतपणात पडून पडून जीव नको झाला तेव्हा दीपाने तो सुरू केला होता. सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, कपाळाला हात लावला होता. "बाहेर एवढं रान पडलंय, आन् ही बया काचेवर खुरपतीया."

पण पुढे साळूबाईंच्याच थोरल्या बहिणीला तो नाद लागला. रंगुमावशी नेवाशाला नदीकडच्या आळीत एकट्या राहायच्या. लेकी लांब दिलेल्या, मालक कधीच गेलेले. समोर बसून बोलायला लागल्या की आळीला ऐकू जायचं, पण फोनवरचं बोलणं त्यांच्या कानात शिरतच नसे, म्हणून त्या फोन उचलायच्याच नाहीत. त्या एकट्या घराची दीपाला फार धास्ती. रात्री पडल्या-झडल्या तर कळणार कसं? शेवटी एका सुट्टीत तिने मावशींच्या फोनवर गेम घातला आणि दोघींची शेतं बांधाला बांध लावून घेतली.

गेममधल्या प्रत्येक शेतात एक बुजगावणं असे. त्याला बोट लावलं की ते वळायचं, संध्याकाळी आपोआप सरळ व्हायचं. मावशी सकाळी उठल्या की वांग्यांना पाणी द्यायच्या आणि बुजगावण्याचं तोंड दीपाच्या शेताकडे फिरवून ठेवायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दीपा रोज आधी ते तोंड बघायची, मगच चहाचं आधण ठेवायची. तोंड इकडे म्हणजे मावशी उठल्या, चालत्या-बोलत्या आहेत.

मग नगरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालायला सांगितले आणि काही दिवस मोबाईल बंद म्हणून बजावलं.

"आन् वांग्याला पानी कोन दील? वाळून जात्याल की," मावशी म्हणाल्या. डॉक्टर बिचारे यांचं रान किती एकर म्हणून विचारत होते.

"मी देते मावशी. माझ्याच फोनवरून देते."

"मग तुझ्या कांदा काढनीला मी यीन. सावड ती सावड."

आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या. पैशाचा संबंध नाही. दोघींच्याही माहेरी पिढ्यान्पिढ्या असंच चाललेलं. दीपाने दोन्ही शेतं सांभाळली. पट्टी सुटली, काळा चष्मा आला, मावशी आपल्या वांग्यांत परतल्या, बुजगावणं पुन्हा वळायला लागलं. लाल चौकोन दीपा विसरूनही गेली.

आणि एका सकाळी तिने गेम उघडला तर शेत नव्हतं. ‘फसवणुकीच्या कारणावरून हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.’ ओमच्या बाळंतपणापासूनची बाग, डाळिंबं, विहीर, सगळं गेलं.

फसवणूक हा शब्द तिला फार लागला. तिने खालच्या रकान्यात सगळं लिहिलं. डोळ्याचं ऑपरेशन, थेंब, सावड म्हणजे काय. उत्तर लगेच आलं. ‘आम्ही तुमचं म्हणणं काळजीपूर्वक तपासलं. निर्णय अंतिम आहे.’

"एवढ्यात तपासलं?" साळूबाई म्हणाल्या. "माझा अजून चष्मा पुसून झाला न्हाई."

शेताचं दुःख करायला मात्र दीपाला सवड मिळाली नाही. आपल्याला आता मावशींचंही शेत दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. बुजगावणं वळलंय की सरळच उभं आहे? तिने फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. मावशी फोन उचलत नाहीत हे तिला एरवीही माहीत होतं, पण आज त्या रिंगचा आवाज वेगळाच वाटला. दुसऱ्या फोनवरून शेत बघावं तर साळूबाईंचा फोन बटणांचा, अमृतचा त्याच्याबरोबर कारखान्यावर.

"आई, मी नेवाशाला जाऊन येते."

"थांब, मीबी येते. आक्काला बघून लई दिस झाले. पर मला त्या स्कुटीचं भ्या वाटतं."

भ्या वाटतं म्हणत त्या मागे बसल्या, मधे ओम. उसाच्या ट्रॉल्यांमागून रस्ताभर साळूबाई देवांची नावं घेत होत्या आणि ओम त्यांच्या सुरात सूर मिसळून तोंडाने हॉर्न वाजवत होता.

मावशींच्या दाराला कुलूप होतं.

दीपाने कुलूप ओढून बघितलं. इतक्या सकाळी ह्या कुठे जाणार? दवाखान्यात तर नेलं नसेल? तेवढ्यात शेजारच्या बनाबाई शेंगा निवडता निवडता बाहेर आल्या.

"तुमी हितं कशा? रंगुबाई तर तुमच्याकडंच गेली. पैल्या यष्टीनं."

"आमच्याकडं? का?"

"म्हनली, दीपाच्या शेतात नुसती माती दिसतीया, पोरीला काय झालंय का बघून येते. मी म्हनलं, अगं मोबाईलचं बिघाडलं आसंल. तर मलाच वराडली. पिशवी घेतली आन् गेली."

साळूबाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दीपाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने आधी पाणी मागितलं.

सोनईला परतल्या तेव्हा मावशी बंद दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. काळा चष्मा, डोक्यावर पदर, मांडीवर वांग्यांची पिशवी. खरी वांगी, परसातली. स्कुटी थांबायच्या आधीच त्यांचा आवाज आला.

"कुटं गेल्ता गं समदं घर बंद करून? माझा जीव हितं टांगनीला."

"मावशी, मी तुम्हालाच बघायला गेले होते."

"मला? मला काय धाड भरलीया?" त्यांनी ओमला ओढून घेतलं, त्याचे हात-पाय चाचपले, मग चष्मा वर करून दीपाकडे नीट बघितलं. "बाळंतपनात तू कशानंबी रडायचीस. साळूनं सांगितलं मला. म्हनलं, आपुन लांब, फोनवर ऐकू येत न्हाई, मग पोर बरी हाय का कळायचं कसं? तू त्या मोबाईलात कांद्याला पानी घातलंस की मी चा ठेवायचे."

दीपाने वांग्यांची पिशवी हातात घेतली. मग कुलूप काढून तिने चहाचं आधण ठेवलं.

रात्री भरलं वांगं झालं. अमृतने सगळी हकिकत ऐकली आणि भाकरी तोंडात तशीच धरून हसला. मावशींनी तोवर तोडगा काढला होता. "माझं शेत हाय ना? दीपे, तू ते अर्धलीनं कर. निम्मी वांगी तुझी, निम्मी माझी."

"मावशी, ह्यालाच तर ते फसवणूक म्हणतात," अमृत म्हणाला.

"मग त्यांच्या गावात कोन कुनाच्या रानात जात न्हाई व्हय?" मावशींनी खरोखरच्या नवलाने विचारलं, आणि थोडं थांबून म्हणाल्या, "आवघडच हाय मंग त्यांचं."

मावशी आठवडाभर राहिल्या आणि साळूबाईंशी रोज कडाकडा भांडून, खूश होऊन गेल्या.

दीपाचं शेत काही परत मिळालं नाही. तिच्या नंबरावर नवीन खातंही उघडत नाही. आता रोज उजाडताना तिच्या फोनवर नेवाशाहून एक मिस्ड कॉल पडतो, उचलायचा नाही असं ठरलंय. ती उलटा एक देते आणि दोन्ही गावांत चहाची आधणं चढतात. झालं, एवढ्यावर भागायला हवं. पण दीपाचा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला आहे.

म्हणून वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी ‘हिरवा मळा’ खेळत असेल, तर सकाळच्या वेळी ‘रंगुबाई नेवासा’ या शेतावर जरा डोकावून या. शेतात वांगी आहेत, बांधापलीकडे नुसती माती आहे. वांग्यांना पाणी दिलंय का ते बघा. आणि बुजगावणं त्या मातीकडे तोंड करून उभं आहे ना, तेवढं तिला कळवा.