पाठकोऱ्या कागदावरचे आजोबा

वीस बाजूंचा फासा. सातचा आकडा झिजून पुसट झालेला.

नव्या रायपूरच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तर मंत्रालय येईपर्यंत अकरा पानं वाचून होतात.

पोह्यांवर शेव आहे, लिंबू नाही.

लग्नाच्या बायोडाटातली पाचवी ओळ: कुळ.

शामराव नावाच्या माणसाचा घरात एकही फोटो नाही.

सरकारी कचेरीत कागदाची मागची बाजू वाया घालवत नाहीत.

हा सगळा पसारा एकाच रविवारचा. जागा रायपूरचा ब्राह्मणपारा, निरंजनच्या घराचा वरचा मजला. वेळ जेवणं उरकल्यानंतरची. टेबलाशी चौघं. निरंजन खेळ चालवणारा: तो सांगतो की समोर नदी आहे, पलीकडे किल्ला आहे, आता काय करता? बाकी तिघं आर्थर राजाचे सरदार. सरदारांनी काय करायचं ते ठरवायचं आणि जमलं की नाही ते फाशाने. निरंजनची बायको शर्मिष्ठा भाला चालवायची. त्याचे वडील अनंतराव रेल्वेतून टीसी म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा सरदार पाच वर्षं एकाच पुलावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पास विचारत होता. चौथा यशदीप, निरंजनचा कॉलेजपासूनचा मित्र. बीरगांवला राहायचा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्ट करायचा आणि रविवारी स्कूटर हाणत इकडे यायचा. पाच वर्षांत त्याचा एक रविवार चुकला नव्हता.

मूळ खेळ आता पाठ झाला होता. त्याला जोडायच्या पुरवण्या निघतात, एकेक पुरवणी वर्षभर पुरते. निरंजनने दोन हेरल्या. एकीत घनदाट रान, हरवलेल्या वाटा, बोलणारी हरणं. दुसरी घराण्यांची. तिच्यात सरदार जन्मायच्या आधी त्याच्या आजोबांचं आयुष्य फाशाने काढायचं. कोणत्या लढाईत होते, काय कमावलं, कसे गेले. आजोबांचं नाव मग नातवाच्या पदरात. नमुन्याची पानं निरंजनने बसमध्ये तीनदा वाचली आणि दर वेळी समासात पेन्सिलीने 'वा' लिहिलं.

मग पान नऊ खटकलं. तिथे एक रकाना होता: कुळ.

निरंजनला चुलतबहिणीचं लग्न आठवलं. पंगतीत एका आत्याबाईने यशदीपला आडनाव विचारलं होतं. त्याने सांगितलं. आत्याबाई "असं का" म्हणाल्या आणि वाढणाऱ्याकडे वळल्या. यशदीप उठला तो पान अर्धं टाकून. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. पण निरंजनच्या मनात ते अर्धं पान तसंच वाढलेलं राहिलं. आपल्या टेबलावरून हा माणूस तसा उठला तर? त्याने कोणाला न विचारता घराण्यांची पुरवणी बाद केली आणि रान आणलं.

आणलं खरं, पण मंत्रालयातला हाडाचा कारकून. रानाचे नकाशे काढायला कागद लागले, तेव्हा बाद पानांची पाठ कोरी होती. त्याने तिथेच झाडं काढली, नदी काढली, नकाशे टेबलावर पसरले.

पंख्याने एक नकाशा उडाला. यशदीपने तो उचलला आणि उलटा वाचत बसला.

"हे काय होय बे?"

"रद्दी आहे. मागून वापरली."

"रद्दीवर तीनदा 'वा' लिहिते का कोणी?"

शर्मिष्ठा हसली. निरंजन पोह्यांकडे बघू लागला.

"दुसरं पुस्तक होतं तर सांगितलं काहून नाही?"

"जड आहे थोडं. वाटलं, आपल्याले नाही जमणार."

"आपल्याले का मले?"

अनंतरावांनी वाटीतली शेव चिवडली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण डब्यात भांडण कुठे पेटतंय ते कळायची सवय होती.

"त्याच्यात कुळ लिहा लागते," निरंजन म्हणाला. "मले वाटलं, त्या लग्नासारखं व्हाले नको."

यशदीपने नकाशा खाली ठेवला. उठला मात्र नाही.

"निरू, त्या बाईले आडनाव पाह्यजे होतं. माह्ये आजोबा नव्हते पाह्यजे. आजोबा कोणालेच नाही पाह्यजे. आमच्या घरी शामराव आजोबाचा फोटो नाही, एकच गोष्ट आहे. वॅगन दुरुस्त करत अन् कमी बोलत. बस, संपली. अन् इथं लिहून आहे, फासा टाका अन् आजोबाचे बावीस वर्षं काढा. बावीस. अन् तू मले न विचारता हरणाशी बोलाले जंगलात पाठवून राहिला."

"चुकलं," निरंजन म्हणाला.

"चुकलंच. हरणं ठेव तू. मले हे पाह्यजे."

"मलेपण," शर्मिष्ठा म्हणाली. "माझ्या सासऱ्यांच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून कान किटले. फाशातनं तरी नवे निघतील."

"ऐकू येते मले," अनंतराव म्हणाले.

निरंजनने नकाशे गोळा केले, उलटे केले, पानं आकड्यांनुसार लावली. रान खाली गेलं. पान नऊ यशदीपपुढे आलं. कुळाच्या रकान्यात त्याने सावकाश लिहिलं: शामरावांपासून सुरू. मग फासा टाकला.

वर्ष पहिलं. तीन. किल्ल्यात पहारा, काही घडलं नाही.

"नोकरी लागली म्हणजे," अनंतराव म्हणाले.

वर्ष दुसरं. अकरा. एक घोडा मिळाला.

"ॲडव्हान्स घेतला असेल."

वर्ष पाचवं. फासा वाटीला आपटून थांबला. पुसट आकडा बघायला चौघांची डोकी एकत्र आली. सात. आजोबांनी एकट्याने पूल राखला.

"थांबा, कोणता पूल?" अनंतराव खुर्चीत सरळ झाले. "माझ्याआधी तिथे तेच होते का? मग बरोबर आहे. पूल ताब्यात घेतला तेव्हा सगळं चोख होतं. एक खिळा ढिला नव्हता."

यशदीप हसला आणि पाचव्या वर्षापुढे 'पूल' लिहिलं. शर्मिष्ठाने आतून लिंबू आणलं आणि आधी त्याच्या बशीवर पिळलं. फाशावर अशी एकवीस वर्षं झाली. बाविसाव्यापुढे छापलं होतं: मृत्यू, फासा टाका. यशदीपने फासा मुठीत घेतला, हलवला आणि खिशात टाकला.

"हे पुढच्या रविवारी," तो म्हणाला.

"फासा माझा आहे," निरंजन म्हणाला.

"मालूम आहे. म्हणून येईन."

खरे शामराव १९६९ साली गोंदियाहून रायपूरला आले आणि पहिल्या अकरा रात्री स्टेशनामागच्या गुढियारीत, रुळांवरून काढून ठेवलेल्या एका मालडब्यात झोपले; ही गोष्ट यशदीपच्या घरीही कोणाला ठाऊक नव्हती.