जिन्यावरचा संवाद

सुनेने टीव्हीचा आवाज वाढवला आणि सगळे पुढे सरकून बसले. पडद्यावर एक पंचविशीतला तरुण कोटाची बटणं लावत जिना चढत होता.

"आजी, आजोबांचं नाक बघ! अगदी बाबांसारखं," नात म्हणाली.

चित्रपट नुकते बोलू लागले होते, तेव्हाची ही प्रेमकथा. आजोबांचा पहिला आणि शेवटचा चित्रपट. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि ते निमूटपणे भावाच्या चष्म्यांच्या दुकानात जाऊन बसले. आता आजोबाही नव्हते. चित्रपटाचे हक्क संपले होते, तो कुणीही दाखवावा असा झाला होता, म्हणून आज लागला होता. आजी तो प्रथमच पाहत होत्या.

जिन्यावरची नायिका रागाने वळली. आजोबा म्हणाले, "तुमच्याशी नुसतं भांडायचं म्हटलं, तरी मला हा जन्म पुरायचा नाही."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. नवा चष्मा सैल होतो म्हणून आजी पुन्हा पुन्हा तक्रार घेऊन दुकानात जात, तेव्हा एकदा कानामागे काडी बसवता बसवता आजोबांनी हेच म्हणून त्यांना मागणी घातली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आजी ते सांगत आल्या होत्या.

"आई, बंद करू का?" मुलाने विचारलं.

"राहू दे."

पडद्यावर आजोबा थांबले होते. एक भुवई वर, ओठांच्या कोपऱ्यात हसू. दुकानातही ते असेच थांबले होते, बराच वेळ. मग नुसतं "बरं" म्हणून काच पुसायला लागले होते.

"मग आजच सुरुवात करा," नायिका म्हणाली. "मला उशीर झालेला खपत नाही."

आजोबा खदखदून हसले. असं हसताना त्यांना या घरात कुणी पाहिलं नव्हतं. उभ्या संसारात ते आजींशी एकदाही भांडले नव्हते. आजी तेही कौतुकाने सांगत.

"आवडलं असेल वाक्य, म्हणून तुमच्यासाठी जपून ठेवलं असेल हो," सून म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

नातीने आजींचा हात धरला. "आजी, तेव्हा तू काय म्हणालीस? ते कधी सांगितलंच नाहीस."

"मी 'हो' म्हणाले."

"एवढंच?"

आजींची नजर पडद्यावरच होती.

"मला पुढचं ठाऊक नव्हतं गं," त्या म्हणाल्या.