बसेल की, आण बिनधास्त

कुलदीप तळवड्याच्या एका आयटी कंपनीत लोकांचे पगार काढायचा. पण आकुर्डीतल्या त्याच्या सोसायटीत आयटी म्हणजे आयटी. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं वायफाय रुसलं, की हाक कुलदीपला. "मला यातलं कळत नाही," असं तो कधी म्हणाला नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो?

शेजारच्या आम्रपालीनं दुपारी त्याला मदरबोर्डचा फोटो पाठवला. "दादा, दुकानात नवी रॅम मिळतेय. ह्यात बसेल ना?" चाकणच्या एका कंपनीनं तिला चाचणी म्हणून घरून करायचं ड्रॉइंग दिलं होतं. संध्याकाळपर्यंत पोचलं तर नोकरी पक्की, आणि नेमका कॉम्प्युटर सारखा अडकत होता. कुलदीपनं फोटो उघडलासुद्धा नाही. "बसेल की, आण बिनधास्त," असं लिहून तो जेवायला बसला.

संध्याकाळी जिन्यातच त्याला आम्रपालीचं रडणं ऐकू आलं. रॅम निघाली डीडीआर फाइव्ह, म्हणजे नव्या पिढीची, आणि बोर्ड जुन्या डीडीआर फोरचा. बोर्डावर तसं ठळक छापलेलं होतं. दोन्हींच्या खाचा जुळत नाहीत. पण आम्रपालीचे वडील, समाधानकाका, जन्मभर कारखान्यात फिटर. बेअरिंगं दाबून बसवलेला माणूस. घट्ट जातं तेच टिकतं, हा त्यांचा अनुभव. त्यात आयटीवाला 'बसेल' म्हणालेला. त्यांनी अंगठ्यानं जोर लावला. खोबण तडकली, बोर्ड गेला. कंपनीनं मुदत वाढवून दिली नाही.

गुपचूप आपल्या घरात शिरावं, असा चोर विचार कुलदीपच्या मनात येऊन गेला. त्याची त्यालाच लाज वाटली, म्हणून तो आम्रपालीच्या घरात गेला.

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" आम्रपाली ओरडत होती.

काका मान खाली घालून बसले होते. कुलदीपला बघून म्हणाले, "तू बरोबरच सांगितलं होतंस रे. माझाच हात जड."

कुलदीप म्हणाला, "काका, चूक माझी आहे. मी फोटो न बघताच सांगितलं."

काका कसनुसं हसले. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाळा."

आम्रपालीनं डोळे पुसले. "बघा बाबा, दादा तुमचं सगळं स्वतःवर घेतायत. तुम्ही निदान चुकलो तरी म्हणा."

"चुकलो, पोरी," काका म्हणाले.

खरं काय ते कुलदीपनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला त्याची जीभ रेटली नाही.