घरचा पहारा

शुक्रवारी दुपारी उम्म जमीलच्या घरी मक्लूबा व्हायचा. वांगी तळलेली, कोंबडी उकडलेली, वर भात. पातेलं एका दमात मोठ्या थाळ्यात उपडं करायचं आणि भाताचा उभा बुरूज सगळ्यांना दाखवायचा. सिल्वान वस्तीतल्या त्या उतरत्या गल्लीत आपल्यासारखा बुरूज कुणाचा उभा राहत नाही, असं ती स्वतःच सांगे. कुणी मान हलवली नाही, तर त्याच्या घरच्या भाताबद्दल चार शब्द ऐकवी.

पण यंदाच्या वसंतापासून त्या भाताला चव राहिली नव्हती. तिचा चौदा वर्षांचा नातू उसैद घरात कैदेत होता, आणि त्याच्यावर पहारा होता तो तिचाच.

परक्या राजवटीच्या शिपायांच्या जीपवर दगड मारल्याचा आरोप ठेवून त्याला उचलून नेलं होतं. मारला की नाही, हे तिने त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कोर्टाने म्हटलं, खटला संपेपर्यंत पोराला घरी ठेवा. उंबरा ओलांडायचा नाही. शाळा नाही, गच्ची नाही. घरातल्या मोठ्या माणसाने रात्रंदिवस नजर ठेवायची. पोरगा बाहेर दिसला तर जाब त्या माणसाला. बाप जमील, म्हणजे तिचा मुलगा, वारलेला, आई इब्तिसाम दिवसभर इस्पितळात फरशा पुसायला. मग उम्म जमीलने छाती पुढे काढून मी सांभाळते म्हटलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नशीबवान आहात, पोरगा घरी आला. तिने त्यांना सरबत पाजलं.

सरबताचे पेले धुऊन ठेवायच्या आधीच पोराची आणि तिची जुंपली. शाळेची पोरं खिडकीखालून जायची तेव्हा तो गज धरून उभा राहायचा; ती खिडकी लावून घ्यायची. तिने त्याचे बूट पिठाच्या पिंपात लपवले. एकदा त्याने पायरीवर पाय टाकला, तर जिने त्याला जन्मात बोट लावलं नव्हतं तिने फाडकन थोबाडीत दिली. तेव्हापासून तो तिला आजी म्हणेना.

"जेलरबाई, संडासला जाऊ का?"

"जा. आणि येताना तोंड धुऊन ये, बघवत नाही."

सख्खी बहीण वारली, तरी ती मातीला गेली नाही. दारातल्या खुर्चीवरून उठता येत नव्हतं. शेजारणी कौतुक करायच्या, तुमच्यासारखा पहारा सरकारी माणूससुद्धा ठेवायचा नाही. आता मात्र ती कुणाला सरबत विचारत नसे.

त्या शुक्रवारी तिने पातेलं उलटलं, बुरूज उभा राहिला. घरच्यांच्या आधी समोरच्या घरातल्या, अंथरुणाला खिळलेल्या उम्म सुहैलचं ताट वाढायचं, ही रीत तिच्या सासूची आणि त्या सासूच्याही सासूची. शेजारी उपाशी असताना आपला घास मोडायचा नाही. तिने ताट भरलं, वर दह्याची वाटी ठेवली आणि जवळ जो उभा होता त्याच्या हातात दिलं.

"पळ, गार होईल."

उसैदने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिची पाठ वळली होती. तो अनवाणीच बाहेर पडला. पळाला मात्र नाही. गल्लीच्या मधोमध उन्हात उभा राहिला, मान वर करून. कोपऱ्यावरचं घर बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांनी घेतलं होतं. त्याच्या गच्चीवर कॅमेरा आणि बंदूकवाला राखणदार. उसैद सावकाश पलीकडे गेला, ताट देऊन सावकाश परत आला. हात धुता धुता आपण कुणाला पाठवलं ते उम्म जमीलच्या लक्षात आलं आणि ती तशीच ओल्या हातांनी दारात आली.

भात निवायच्या आत शिपाई आले. घेऊन जाताना पोरगा एवढंच म्हणाला, "तूच पाठवलंस."

दोन दिवसांनी कोर्टाच्या पडवीत वकीलबाई नबीला दोघी सासू-सुनांना समजावून सांगत होत्या. आजींनी म्हणायचं, मी नमाजला उभी होते, पोरगा डोळा चुकवून निसटला. मग त्याचा मामा जामीन राहील आणि मुलगा मामाच्या घरी कोंडून राहील. पाठवलं म्हणालात, तर त्याला तुरुंग.

इब्तिसामने सासूचा हात घट्ट धरला. "आत्याबाई, तुमच्या पाया पडते. नमाजला होते म्हणा."

उम्म जमीलने वकीलबाईंना विचारलं, घरात काढलेले एवढे महिने शिक्षेतून वजा होतात ना? वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. होत नाहीत, म्हणाल्या. शिक्षा झाली तर पहिल्या दिवसापासून भोगायची.

"मग मी काय राखत होते इतके दिवस? त्यांचं काम फुकटात?"

उसैदला तेवढ्यात शिपाई घेऊन आले. हातात बेड्या, पायातही. म्हातारी वाटेत आडवी उभी राहिली आणि तिने विचारलं, मामाकडे जायचंय का?

"तुरुंगातले दिवस शिक्षेत मोजले जातात," तो म्हणाला. "आणि आत ज्याचा राग येईल, तो माझा कुणी नसेल."

शिपायाने त्याला पुढे ढकललं. उम्म जमील भिंतीला हात टेकून आत गेली.

न्यायाधीशाने दुभाष्यामार्फत विचारलं, मुलगा बाहेर गेला तेव्हा तुम्ही काय करत होतात?

"जेवण वाढत होते. मीच त्याला पाठवलं. शेजारणीला भात द्यायला."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश म्हणाला, तुम्ही जबाबदारी घेतली होती, आता मुलाला कोण सांभाळणार?

"सांभाळायचं मला विचारलंच कुठे? कोंडायचं विचारलंत. तुम्हाला माझा नातू कोंडायचाय, तर तुमची माणसं लावा, तुमच्या भिंती लावा, म्हणजे जगाला दिसेल. माझ्या घराचा तुरुंग करायला मी आता हो म्हणणार नाही. आणि याच्या मामालाही म्हणू देणार नाही."

दुभाष्याने अर्धंच सांगितलं असावं, कारण निकाल फार लवकर झाला. खटला संपेपर्यंत तुरुंग. उसैदला नेताना त्याने मागे वळून पाहिलं. त्या नजरेत माया होती की नुसतं आश्चर्य, हे ती सांगू शकली नसती.

इब्तिसाम मात्र तिच्याकडे पाहीनाच. बाहेर येताच म्हणाली, "माझं पोर तुम्ही आत घातलंत," आणि बस धरून एकटी निघून गेली. उम्म जमीलने तिला थांबवलं नाही. सुनेची बाजू तिला कळत होती.

पडवीतल्या बाकावर एक तरुण बाई ओळखपत्र चुरगाळत बसली होती. तिचा तेरा वर्षांचा मुलगा आत होता. उम्म जमील तिच्या शेजारी टेकली आणि न विचारता सांगू लागली, मुलाला घरी नेतेस का, असं तुला विचारतील. पण घरी नेतेस म्हणजे काय करतेस, ते आधी ऐक.

बाईने सगळं ऐकलं आणि ओढणी आवरून सरकून बसली. "मावशी, मला माझा मुलगा घरी हवाय. तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

उम्म जमीलला राग आला नाही. वसंतात तीही हेच म्हणाली असती, आणि याहून कडू शब्दांत. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. पुढच्या बाकावर आणखी एक आई बसली होती. ती तिच्याजवळ जाऊन बसली.