जुर्म झाला की या

जानकीला दिवस गेलेत हे तुळजाबाईच्या ध्यानात आलं ते तिच्या खाण्यावरून. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की जानकी चुलीपासून उठून जायची. तिचा नवरा जाऊन दोन पावसाळे झाले होते. हे कोणाचं, ते तिनं सांगितलं नाही आणि तुळजाबाईनं विचारलंही नाही. तुळजाबाई थोरली जाऊ. तिची स्वतःची कूस कधी उजवली नव्हती.

"आक्का, मी आड जवळ करते," जानकी म्हणाली.

"आड कावून? धर्मापुरीला माझ्या मायकडं जाऊ दोघी. लेकरू माझं म्हून सांगू. त्या जीवानं कुणाचं काय वाईट केलंय?"

तेव्हा कुठं जानकी पोटावर हात ठेवून पोटभर रडली.

पण आसाराम, तुळजाबाईचा नवरा, ऐकेना. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि तेच त्याला जड झालं होतं.

"लोक काय आंधळे हायेत? मोकळं करायचं ते. बाई सांगून ठेवलीय मी, पाला घेऊन येती."

तुळजाबाईनं त्याचे पाय धरले. अन्न सोडलं. तो म्हणाला, "तुला न्हाई झालं, म्हून दुसरीच्या पापावर डोळा हाय तुझा!"

ते तिला लई लागलं. तरी ती गप बसली नाही. गर्भ पाडणं सरकारच्या कानूनात गुन्हा आहे, हे तिनं बाजारात ऐकलं होतं. पहाटे जानकीला "कुणी काय दिलं तरी पिऊ नको" असं बजावून ती एकटीच नेकनूरच्या ठाण्याची वाट चालू लागली.

ठाण्यावरचे अंमलदार, अमीनसाहेब, पान लावत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"जुर्म झाला का?"

"न्हाई साहेब, व्हायचाय. आज न उद्या."

"मग झाला की या."

"झाल्यावर येऊन काय करू? तवर जीव जाईल! एक शिपाई द्या. नुसता दारात उभा करा."

"शिपाई काय पाळणा हलवायला हायेत?" अमीन हसले. गावाचं नि घराचं नाव मात्र त्यांनी विचारून घेतलं.

ती परतली तेव्हा ओसरीवर आसाराम पाठमोरा बसला होता. आत जानकी भिंतीकडं तोंड करून पडली होती, अंग तापानं फणफणलेलं. काय झालं ते विचारायची गरज नव्हती.

"मी न्हाई म्हणले आक्का. हात धरले माझे."

दुसऱ्या दिवशी अमीन घोड्यावरून आपणहून आले. आता जुर्म झाला होता. आसारामनं त्यांना घोंगडी अंथरली, दूध दिलं. म्हणाला, "तिनंच कुठून तरी पाला आणून खाल्ला. आमाला काय ठाव?"

"खोटं हाय!" तुळजाबाई डोक्यावरचा पदर सावरायचंही विसरली. "यांनी पाजलंय, हात धरून!"

"तू पाहिलंस?"

"मी तुमच्याच ठाण्यात होते ना, साहेब!"

"म्हणजे गवाह न्हाई." अमीन उठले. पाला आणणारी बाई कुठं सापडली नाही. आसाराम इज्जतदार माणूस. उरली जानकी. खाणारीलाही सजा असते म्हणाले.

तिला बैलगाडीत घालून बीडला नेलं. तुळजाबाई गाडीत चढली, कोणाला न विचारता. आसाराम मागून ओरडला, "गेलीस तर माघारी येऊ नको." तिनं मान वळवली नाही.

जानकीला कैद झाली. तुळजाबाई बीडमध्येच लोकांची धुणी-दळणं करून राहिली आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. जो तो तिला एकच सुनावी: तू ठाण्यात गेली नसतीस तर पोरगी तरी घरात राहिली असती. एकदा तुरुंगाच्या दारात जानकीही तेच म्हणाली, हळूच.

तुळजाबाई संतापून म्हणाली, "ते लेकरू जगायला पायजे होतं जानके. ते मागायलाच गेलते मी. मला काय ठाव, यांच्या कानूनाला लेकराचं काईच पडलेलं न्हाई!"

जानकीनं गजातून हात बाहेर काढून तुळजाबाईच्या हातातली भाकरी घेतली.